किटलीतला चांद

एक होती किटली. चहाची नाही, उंदरांची.

चहाची ती पूर्वी होती. मग तिला पोचे पडले. झाकण हरवलं. कुणीतरी तिला कुंपणाशी ठेवून दिलं. आता त्या किटलीत राहायची मिरी उंदरीण आणि तिची आई.

मिरी एवढीशी. काळी काळी. गोल गोल. म्हणून तर तिचं नाव मिरी.

आणि किटलीत आणखी एक जण नवीन आलं होतं. बाळ. मिरीचा भाऊ. शेंगदाण्याएवढा. मऊ मऊ. बाळाने अजून डोळे उघडले नव्हते. उंदरांची बाळं डोळे मिटूनच जन्माला येतात. मग एके दिवशी हळूच उघडतात.

आई म्हणाली, "मिरे, बाळ आज डोळे उघडेल बरं का."

"कधी गं?"

"दिवेलागणीला."

"मग त्याला काय दिसेल?"

आईने भिंतीकडे पाहिलं. मिरीने भिंतीकडे पाहिलं. किटली आतून काळी होती. काळी कुट्ट.

"आपण बाळाची खोली सजवू," आई म्हणाली. "छानशी आभाळाची खोली करू."

आईने निळी चिंधी आणली. मिरीने बाभळीचा डिंक आणला. चिंधी बसली भिंतीला. मग मिरीने तीळ आणले. एक तीळ इथे, टप. एक तीळ तिथे, टप. वर टप, खाली टप. झाल्या चांदण्या.

"झालं आभाळ," आई म्हणाली.

"नाही झालं," मिरी म्हणाली. "चांद कुठाय?"

मिरी निघाली चांद शोधायला. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेवर तिला सापडलं एक बटण. सदऱ्याचं बटण. पांढरं पांढरं. गोल गोल. अगदी चांदासारखं.

मिरीने बटण ढकलत आणलं. गडगड, गडगड. किटलीपाशी आणलं. बटणाला धूळ लागली होती. मिरीने पान घेतलं आणि बटण पुसलं. चकचक, चकचक.

तेवढ्यात वरून काहीतरी आलं. झप्.

पान राहिलं मिरीच्या हातात. बटण गेलं काऊमावशीच्या चोचीत.

काऊमावशी उडाली ती थेट बाभळीवर. तिथे तिचं घरटं. मिरीच्या मिश्या थरथरल्या. डोळ्यांत पाणी आलं. पण रडत बसली तर चांद कोण आणणार? मिरीने मिश्या पुसल्या. मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाभळीखाली उभी राहिली. मान वर केली. म्हणाली,

"काऊमावशी, काऊमावशी, बटण दे.
बटण बाळाच्या खोलीला,
आभाळात चांद लावायला."

काऊमावशीने खाली पाहिलं. "तुझं होय ते? मला वाटलं, पडलेलंच आहे."

"माझंच आहे. दे ना."

"देईन गं देईन. पण आत्ता नाही देणार. माझ्या घरट्यात काड्याच काड्या. अंड्यांना टोचतात. मऊ मऊ कापूस आण, मग देईन."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओढ्याकाठी सावरीचं झाड होतं. उंच उंच. त्याला बोंडं लागली होती. बोंडांत कापूस होता. मिरी म्हणाली,

"सावरबाई, सावरबाई, कापूस दे.
कापूस काऊमावशीला,
काऊमावशी देईल बटण.
बटण बाळाच्या खोलीला,
आभाळात चांद लावायला."

सावरबाई सळसळली. सळ सळ सळ.

"देईन गं देईन. पण आत्ता नाही देणार. ओढा आटला. माझी मुळं तहानली. पाणी आण, मग देईन."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वर टेकाडावर विहीर होती. खोल खोल. मिरी काठावर बसली. आत वाकून म्हणाली,

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे.
पाणी सावरबाईला,
सावरबाई देईल कापूस.
कापूस काऊमावशीला,
काऊमावशी देईल बटण.
बटण बाळाच्या खोलीला,
आभाळात चांद लावायला."

विहीरबाई आतून बोलली. डुबुक डुबुक.

"देईन गं देईन. पण आत्ता नाही देणार. माझ्या बादलीचा दोर तुटला. बादली काठावर, पाणी तळाला. दोर आण, मग देईन."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

विहिरीच्या पलीकडे धोंडूआजोबांचं अंगण. धोंडूआजोबा दोर वळायचे. जाड दोर, बारीक दोर, गाईचा दोर, पाळण्याचा दोर. पण आज ते नुसतेच बसले होते. पुढ्यात काथ्याचा ढीग होता आणि हात मांडीवर होते. मिरी म्हणाली,

"धोंडूआजोबा, धोंडूआजोबा, दोर द्या.
दोर विहीरबाईला,
विहीरबाई देईल पाणी.
पाणी सावरबाईला,
सावरबाई देईल कापूस.
कापूस काऊमावशीला,
काऊमावशी देईल बटण.
बटण बाळाच्या खोलीला,
आभाळात चांद लावायला."

धोंडूआजोबांनी चष्मा वर केला. मिरीकडे पाहिलं.

"देईन गं देईन. पण आत्ता नाही देणार. सकाळपासून चहा नाही. चहा नाही तर हात चालत नाहीत. चहाला दूध आण, मग देईन."

"काळा चहा नाही चालत, आजोबा?"

"छे," धोंडूआजोबा म्हणाले. "काळ्या चहाने दोर वाकडा होतो."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गोठ्यात मोगरा म्हैस होती. नाव मोगरा, रंग काळाभोर. तिच्या एका खुराएवढी मिरी. मिरीला थोडी भीती वाटली. तरी ती पुढे गेली. म्हणाली,

"मोगराताई, मोगराताई, दूध दे.
दूध आजोबांच्या चहाला,
आजोबा देतील दोर.
दोर विहीरबाईला,
विहीरबाई देईल पाणी.
पाणी सावरबाईला,
सावरबाई देईल कापूस.
कापूस काऊमावशीला,
काऊमावशी देईल बटण.
बटण बाळाच्या खोलीला,
आभाळात चांद लावायला."

मोगराताईने कान हलवले. फट फट.

"देईन गं देईन. पण आत्ता नाही देणार. गव्हाण रिकामी, पोट रिकामं. हिरव्या गवताची पेंढी आण, मग देईन."

ऊन डोक्यावरून पुढे सरकलं होतं. मिरीचे पाय दुखत होते. तरी मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेताच्या बांधावर गवत होतं. हिरवं हिरवं. लांब लांब. मिरी म्हणाली,

"गवतदादा, गवतदादा, पेंढी दे.
पेंढी मोगराताईला,
मोगराताई देईल दूध.
दूध आजोबांच्या चहाला,
आजोबा देतील दोर.
दोर विहीरबाईला,
विहीरबाई देईल पाणी.
पाणी सावरबाईला,
सावरबाई देईल कापूस.
कापूस काऊमावशीला,
काऊमावशी देईल बटण.
बटण बाळाच्या खोलीला,
आभाळात चांद लावायला."

गवतदादा डोलला. सुळ सुळ सुळ.

"देईन गं देईन. पण आत्ता नाही देणार. मला कुणी कापलंच नाही, तर पेंढी कशी होणार? विळा घेऊन शेवंताकाकूला बोलाव, मग देईन."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेवंताकाकू आंब्याखाली होती. विळा जमिनीवर पडला होता. आंब्याच्या फांदीला एक झोळी बांधली होती. झोळीत होता गोट्या. शेवंताकाकूचा तान्हा गोट्या. तो रडत होता. ट्यां ट्यां. काकू झोळी हलवत होती. गोट्या रडत होता. काकू गाणं म्हणत होती. गोट्या रडतच होता.

मिरी दगडावर चढली. मोठ्यांदा म्हणाली,

"शेवंताकाकू, शेवंताकाकू, विळा चालवा.
विळा गवतदादाला,
गवतदादा देईल पेंढी.
पेंढी मोगराताईला,
मोगराताई देईल दूध.
दूध आजोबांच्या चहाला,
आजोबा देतील दोर.
दोर विहीरबाईला,
विहीरबाई देईल पाणी.
पाणी सावरबाईला,
सावरबाई देईल कापूस.
कापूस काऊमावशीला,
काऊमावशी देईल बटण.
बटण बाळाच्या खोलीला,
आभाळात चांद लावायला."

मिरीला धाप लागली.

"अगं बाई," शेवंताकाकू म्हणाली. "एवढ्या सगळ्यांकडे तू एकटी गेलीस?"

"हो. चालवा ना विळा."

"चालवीन गं चालवीन. पण आत्ता नाही चालवणार. माझा गोट्या रडतोय. पोट भरलंय, दुपटं कोरडं आहे, तरी रडतोय. तो निजला की चालवीन."

मिरी थांबली. आता कुणाकडे जायचं?

काऊमावशीने सांगितलं होतं, कापूस आण. सावरबाईने सांगितलं होतं, पाणी आण. गवतदादाने सांगितलं होतं, काकूला बोलाव. पण गोट्याला काय हवंय, ते कुणीच सांगेना. काकूलाही ते माहीत नव्हतं. आणि गोट्याला तर बोलताच येत नव्हतं.

मिरीच्या डोळ्यांतून एक थेंब पडला. टप.

मग तिने नाक पुसलं. ती आंब्यावर चढली. फांदीवर गेली. झोळीच्या दोरीवरून खाली उतरली. सुर्र. आणि हळूच गोट्याच्या उशाशी जाऊन निजली. अगदी गोट्यासारखी. पाठीवर.

तिने वर पाहिलं.

वर काय होतं? काहीच नव्हतं. इकडे कापड, तिकडे कापड. वर मोठ्ठी फांदी. बघायला काही नाही. हलणारं काही नाही. ना चांदणी, ना चांद.

"काकू," मिरी म्हणाली, "गोट्याला बघायला काहीच नाही."

"म्हणजे गं?"

"थांबा."

मिरी दोरीवर चढली. दोरीला तिने शेपटीचा वेढा घातला. डोकं खाली, पाय वर. आणि लागली झोके घ्यायला.

झुलुक झुलुक. झुलुक झुलुक.

गोट्याने एकदा पाहिलं. ट्यां. पुन्हा पाहिलं. ट्... आणि रडणं थांबलं.

मिरी गेली इकडे. गोट्याचे डोळे इकडे. मिरी गेली तिकडे. गोट्याचे डोळे तिकडे. झुलुक झुलुक. गोट्या हसला. खुदकन. बोळकं दिसलं. मग त्याने जांभई दिली. मग एक डोळा मिटला. मग दुसरा.

गोट्या निजला.

मिरी गुपचूप खाली आली. तिला गरगरत होतं. पण ती हसत होती.

शेवंताकाकूने विळा उचलला. मिरीच्या डोक्यावरून हळूच एक बोट फिरवलं.

आणि मग काय झालं?

काकूने विळा चालवला. सर्र सर्र. गवतदादाने पेंढी दिली. हिरवी हिरवी. काकूने एका काखेत गोट्याला घेतलं, डोक्यावर पेंढी घेतली, आणि निघाली गोठ्याकडे. मिरी पुढे पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

मोगराताईने पेंढी खाल्ली. कुरुम कुरुम. पोट भरलं. काकू धारेला बसली. चुळ्ळ चुळ्ळ, चुळ्ळ चुळ्ळ. मोगराताईने दूध दिलं. पांढरं शुभ्र, फेसाळ.

दूध गेलं धोंडूआजोबांकडे. चुलीवर चहा उकळला. रट रट रट. आजोबांनी बशीत ओतला. फुर्र. अजून एक घोट. फुर्र. "हां," आजोबा म्हणाले, आणि त्यांचे हात चालू लागले. गरगर गरगर. काथ्याचा झाला दोर. लांब लांब. सरळ सरळ.

शेवटी एवढासा दोरा उरला. बारीक. मिरीच्या शेपटीएवढा.

"हा तुला घे," आजोबा म्हणाले. "चांद लावणार म्हणतेस. मग तो टांगणार कशाला?"

मिरीने हा विचारच केला नव्हता. तिने दोरा गळ्यात घातला.

आजोबा स्वतःच विहिरीवर आले. बादलीला दोर बांधला. बादली गेली खाली. धप्प. बादली आली वर. छप छप. विहीरबाईने पाणी दिलं. एक बादली, अजून एक बादली. पाणी टेकाडावरून निघालं. खळखळ खळखळ. मिरी पाण्याच्या पुढे. पाणी मिरीच्या मागे.

पाणी पोचलं सावरबाईपाशी. सावरबाई पाणी प्यायली. घट घट घट. पानं ताठ झाली. फांद्या हलल्या. एक बोंड फुटलं. फट्. दुसरं फुटलं. फट्. सावरबाईने कापूस दिला. कापूसच कापूस. हवेत कापूस, पाण्यावर कापूस. मिरीच्या पाठीवर कापूस, मिश्यांवर कापूस.

"आँछी," मिरी शिंकली.

तिने कापसाचा गोळा केला आणि निघाली बाभळीकडे. सूर्य खाली गेला होता. सावल्या लांब झाल्या होत्या. दिवेलागण जवळ आली होती. मिरी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु.

"काऊमावशी, कापूस."

काऊमावशी खाली आली. कापूस घेतला. घरट्यात पसरला. चोचीने दाबला. अंडी वर ठेवली. मग आपण वर बसली.

"आता कसं मऊ मऊ झालं," काऊमावशी म्हणाली. तिने घरट्याच्या कडेचं बटण उचलून खाली पाहिलं. मिरीच्या पायाला धूळ लागली होती. मिरीचा श्वास फुलला होता.

काऊमावशीला कसंतरीच वाटलं.

"मिरे," ती म्हणाली, "तू नुसती घरी पळ. बटण मी आणते. आणि पुन्हा कुणाचं काही उचलायच्या आधी विचारीन."

खाली मिरी पळाली. वर काऊमावशी उडाली. खाली तुरुतुरु, वर फडफड. दोघी किटलीपाशी आल्या.

आई दारात उभी होती. "मिरे, कुठे होतीस तू? दिवसभर वाट पाहिली."

"चांद आणायला गेले होते."

"लवकर आत ये. बाळाच्या पापण्या हलायला लागल्यात."

मिरीने बटणात दोरा ओवला. एका भोकातून आत, दुसऱ्या भोकातून बाहेर. आईने गाठ मारली. काऊमावशीने दोऱ्याचं टोक चोचीत धरलं आणि किटलीच्या कडीला गुंडाळलं. एक वेढा, दुसरा वेढा. किटलीला झाकण नव्हतं ना, म्हणून बरं झालं. चांद वरून थेट आत उतरला. बाळाच्या बरोब्बर वर.

मिरीने अंग झटकलं. पाठीवरचा कापूस उडाला आणि निळ्या चिंधीला चिकटला. झाले ढग.

"आता झालं आभाळ," मिरी म्हणाली.

घराघरांत दिवे लागले. वरून थोडा उजेड किटलीत आला. बटण चमकलं.

बाळाचा एक डोळा उघडला. एवढासा. मग दुसरा उघडला.

काऊमावशी वरून डोकावली.

मिरीने चांदाला हळूच ढकललं. झुलुक झुलुक. चांद गेला इकडे. बाळाचे डोळे इकडे. चांद गेला तिकडे. बाळाचे डोळे तिकडे. बाळाने चांद पाहिला. चांदण्या पाहिल्या. ढग पाहिले. मग मान वळवली आणि चांदाखाली बसलेल्या मिरीकडे पाहिलं. पाहतच राहिलं.

"चीं," बाळ म्हणालं.

"ऐकलंस?" आई म्हणाली. "पहिली हाक तुलाच मारली."

दिवसभर मिरी तुरुतुरु पळाली होती. आता ती हळूच बाळाजवळ गेली. बाळाशेजारी निजली. पाठीवर. अगदी बाळासारखी. दोघं मिळून वर पाहत राहिली.

झुलुक झुलुक. झुलुक झुलुक.

चांद किटलीत, बाळ कुशीत, आणि गोष्ट आता तुमच्या उशीत.